बिनचेहऱ्याच्या बाहुलीची मान

हौडेनोसौनी, म्हणजे ‘लांबघर बांधणारे लोक’, हा मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि 1722 च्या सुमारास सामील झालेले टस्करोरा अशा सहा राष्ट्रांचा उत्तर अमेरिकेतील संघ असून, मक्याच्या कणसावरील सोलपटांच्या त्यांच्या बाहुल्यांना चेहरा नसतो. कारागिराला आयुष्यभर छळतो तो नेमका हा नसलेला चेहरा. सोलपट भिजवणे, हातांसाठी वेणी घालणे, कणसाचे केस डोक्याला लावणे यांविषयी लिहिण्याजोगे फारसे नाही. घोडे अडते ते मानेशी. सोलपटाच्या शिरा उभ्या धावतात. ते दुमडून मानेशी दोरा आवळला की तिथली चूण शिरेच्या वाटेने वर चढते, आणि मध्यभागी आली तर कोऱ्या तोंडावर नको असलेले नाक उगवते. दोरा सैल ठेवावा, तर सोलपट वाळताना आकसते आणि डोके डुगडुगते; फार घट्ट करावा, तर ते शिरेलगत फाटते. ओल किती हवी हे अंगठ्याच्या पेराला कळते, आणि वय झाले की तेच पेर आधी बधिर होते.

परंपरेतील कथेनुसार, मुलांना रिझवण्यासाठी घडवलेली बाहुली पाण्यातील स्वतःच्या रूपावर भाळली, काम विसरली, म्हणून निर्मात्याने तिचा चेहरा काढून घेतला. ही कथा पोरांना सांगणारा कारागीर मात्र आपल्या हातचा गुळगुळीत, चेहरा नसलेला गोळा उजेडात फिरवून पाहतो, आणि शेजारच्याच्या बाहुलीवरील चूण त्याला लांबूनही दिसते. गर्व बाहुलीचा गेला, करणाऱ्याचा राहिला.

पर्यटकांसाठी डोळे रंगवणे हा तर निव्वळ अडाणीपणा होय. यंत्राने कापणी होते तिथे सोलपट शेतातच फाटून पडते आणि पाकिटातले विकत आणावे लागते, ही तक्रारही रास्त आहे. मान दोऱ्याऐवजी गोंदाने बसवण्यावरचा राग तेवढा स्वच्छ नाही. गोंदाने नवशिक्याची मान पहिल्याच खेपेस बसते, ही त्यातली खरी पोटदुखी.

शेवटी खांद्यांवरून सोलपटाची आडवी पट्टी येते, जी पाहणाऱ्याला शाल वाटते. थकलेल्या हाताच्या बाहुलीत त्या शालीखाली दोऱ्याचे पाच वेढे असतात; पूर्वी तिनांत भागत असे.