वाफ आणि दम

मराठीत श्वासासाठी शब्द पुष्कळ आहेत. पण त्यांतले बहुतेक श्वास बिघडल्यानंतरचे आहेत. धाप, उसासा, सुस्कारा, हुंदका, घरघर, ऊर्ध्व लागणे. नीट चाललेल्या श्वासाला निराळे नाव देण्याची गरज भाषेला पडलेली दिसत नाही. या सगळ्यांत 'दम' हा शब्द आम्हांला सर्वांत गुंतागुंतीचा वाटतो. फारसीत दम म्हणजे श्वास, आणि एका श्वासाइतका काळ म्हणून क्षणही. संस्कृतात दम म्हणजे निग्रह. शम-दम या जोडीतला. दोन निरनिराळ्या कुळांतले हे शब्द मराठीत येऊन एकाच उंबऱ्याआड नांदू लागले. त्यामुळे 'जरा दम धर' असे कोणी म्हटले, तर तो श्वास सांभाळायला सांगतो आहे की मन आवरायला, हे ठरवणे कठीण, बहुधा दोन्ही. ज्याला दम लागतो त्याच्यात 'दम नाही' असे म्हणणारी भाषा मात्र थोडी निष्ठुरच म्हणायची. आजार आणि दुबळेपणा या दोहोंना तिने एकाच शब्दात कोंबले आहे.

हे आम्ही नुसत्या शब्दकोशाच्या हौसेने लिहीत नाही. विट्यातल्या आमच्या घरी एका शब्दापायी एक उपचार जवळजवळ दोन महिने अडून राहिला होता. तो शब्द 'दम' नव्हे, 'वाफ'.

विटा हे सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे मुख्य गाव. परक्या माणसाच्या कानी पहिल्यांदा पडतो तो इथल्या यंत्रमागांचा खडखडाट. पण या टापूतील असंख्य घरांची चूल फार दूरच्या भट्ट्यांवर पेटत आली आहे. खानापूर, आटपाडी, कडेगाव आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातील माण-खटाव या अवर्षणाच्या पट्ट्यातून माणसे उठली आणि देशभरच्या सराफ बाजारांत जाऊन सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात शिरली. त्यांना आमच्याकडे गलाईवाले म्हणतात. केरळात, तमिळनाडूत, बंगालात, उत्तर प्रदेशात, जिथे जुने दागिने मोडले जातात तिथे एखाद्या बोळात आमच्याकडचा माणूस मूस तापवीत बसलेला सापडण्याचा संभव असतो. आमचे थोरले चुलते, ज्यांना सारे घर तात्या म्हणते, ते त्यांपैकीच. मिसरूड फुटायच्या आत ते तमिळनाडूत गेले आणि साठी ओलांडल्यावर परतले.

मराठी साहित्याने माणदेशाकडे पाहिले नाही असे नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ साली पुस्तकरूपाने आली आणि या भागातली माणसे मराठी वाचकाच्या ओळखीची झाली. मुंबईच्या गिरणी कामगाराला नारायण सुर्व्यांसारखा कवी लाभला. गाव सोडून परभाषेच्या मुलखात सोने गाळणारा हा माणूस मात्र आमच्या वाचनात फारसा आलेला नाही. कदाचित त्याच्या कामात दिसण्यासारखे थोडे असते म्हणून असेल. सोने झळाळते, ते शुद्ध करणाऱ्या खोलीत धूर असतो.

ही खोली तात्यांनी आम्हांला अनेकदा वर्णून सांगितली आहे. अशुद्ध सोन्यात आधी मुद्दाम चांदी मिसळतात, सोने साधारण चौथा हिस्सा उरेल इतकी. मग तो गोळा पातळ पत्र्यासारखा किंवा कणीदार करून नायट्रिक आम्लात, म्हणजे त्यांच्या भाषेत तेजाबात, घालून तापवतात. चांदी आणि तांबे विरघळून जाते, तळाशी तपकिरी भुकटी राहते, आणि ती भुकटी वितळवली की पिवळे सोने होते. हे घडत असताना भांड्यातून तांबूस-तपकिरी धूर उठतो. तात्या आणि त्यांचे सोबती त्याला 'वाफ' म्हणत. "वाफ चढली की बाहेर यायचं, बिडी वढायची, पुन्हा आत जायचं," असे ते सांगतात.

ती वाफ म्हणजे मुख्यतः नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू. त्याचा घातकीपणा विलक्षण आहे. अमोनियासारखे वायू नाकाघशाच्या ओलाव्यात चटकन विरघळतात. माणसाला ठसका लागतो आणि तो पळतो. हा वायू पाण्यात तसा कमी विरघळतो. घशातल्या पहारेकऱ्याला तो फारसा न डिवचता पुढे सरकतो आणि फुप्फुसाच्या अगदी तळाशी, बारीक नलिकांत आणि वायुकोशांत जाऊन आपले काम करतो. मोठ्या प्रमाणात आत गेला, तर काही तासांनंतर, माणूस घरी जाऊन जेवून झोपल्यावरही, फुप्फुसात पाणी होऊ शकते. थोडाथोडा वर्षानुवर्षे जात राहिला तर काय होते, याचा हिशेब एका माणसापुरता मांडणे अवघड. तात्यांना सीओपीडी आहे असे निदान झाले तेव्हा डॉक्टरांनी बिडीकडे बोट दाखवले, तेजाबाकडेही दाखवले, आणि कुणाचा वाटा किती हे सांगायचे टाळले. ते योग्यच होते.

या आजाराविषयी सर्वसाधारण समजूत अशी की रुग्णाला श्वास घेता येत नाही. खरी अडचण बहुतांशी उलटी असते: त्याला श्वास सोडता येत नाही. बारीक नलिकांच्या भिंती सैल पडलेल्या असतात. उच्छ्वासाच्या वेळी त्या वेळेआधीच मिटतात आणि हवा आत अडकून पडते. आधीच भरलेल्या फुप्फुसात नवा श्वास घ्यायला जागा उरत नाही. प्राणायामाची पूरक, कुंभक आणि रेचक ही तीन अंगे आपण पाठ केलेली असतात. कौतुक मात्र सारे कुंभकाचे, श्वास कोंडून धरण्याचे. तात्यांच्या आजाराने आम्हांला रेचकाची किंमत कळली. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या तमकश्वासाचे वर्णन असे की रुग्णाला आडवे पडवत नाही, बसल्याने बरे वाटते, आणि कफ सुटून पडला की घटकाभर सुख लाभते. घटकाभराचे ते सुख आम्ही घरी पाहिले आहे.

डॉक्टरांनी जे उपकरण लिहून दिले त्याची सगळी धडपड याच सुखासाठी असते. त्याचे दोन भाग. एक नेब्युलायझर: छोट्या कॉम्प्रेसरची हवा बारीक छिद्रातून जोराने सुटते आणि कपातले द्रवरूप औषध फोडून त्याचे तुषार करते. दुसरा भाग तोंडाशी धरायचा: त्यातून श्वास सोडताना थोडा अडथळा होतो आणि एक झडप थरथरते. अडथळ्यामुळे नलिकांत मागे दाब राहतो, त्या मिटत नाहीत. सेकंदाला दहा-वीस वेळा होणाऱ्या थरथरीने भिंतींना चिकटलेला कफ सुटा होतो. दाबाच्या उपचाराची ही पद्धत १९८० च्या दशकात डेन्मार्कमध्ये, सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांसाठी केलेल्या मुखवट्यापासून रूढ झाली. पुढे स्वित्झर्लंडमधून फ्लटर नावाचे साधन आले. त्यात शंकूच्या आत पोलादी गोळी नाचते आणि ते दिसायला थेट चिलमीसारखे असते. आता या थरथरत्या साधनांपैकी काहींना औषधाचा कप जोडता येतो, म्हणजे तुषार आत घेणे आणि दाबाविरुद्ध सोडणे एकाच बैठकीत होते. असे जोडल्याने औषध अधिक खोल जाते की नाही याबद्दल संशोधकांत एकमत नाही; वेळ वाचतो हे नक्की, आणि वेळ वाचला तर रुग्ण उपचार टाळत नाही.

तात्यांनी तो टाळला. दवाखान्यातल्या कुणीतरी, आपल्याकडे सर्रास म्हणतात तसे, "दिवसातनं दोनदा वाफ घ्या" असे सांगितले होते. तात्यांनी यंत्र खोक्यातून काढूही दिले नाही. "वाफंनंच माझं वाटुळं केलं, आन् आता पुन्हा वाफच घ्यायची व्हय?" एवढेच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. काकींनी विनवण्या केल्या, धाकट्या भावांनी दम दिला (हाही एक दमच). शेजारपाजारचे, "एकदा पंप लागला की सुटत न्हाई," असे सांगून गेले. वाटले हा म्हातारपणाचा हट्ट. पण त्यांच्या बोलण्यात तर्क होता. एकाच नावाच्या दोन वस्तूंपैकी एकीने चाळीस वर्षे ज्याची छाती पोखरली, त्याने दुसरीवर विश्वास का ठेवावा?

गंमत अशी की औषधालाही त्या तपकिरी धुराच्याच वाटेने जावे लागते. तुषाराचा कण मोठा असला तर तो घशातच आपटतो आणि गिळला जातो; एक ते पाच मायक्रॉन इतका बारीक असेल तरच तो पहारा चुकवून तळाशी पोहोचतो. विषाने जी चोरवाट वापरली तीच औषधाची. तात्यांची शंका या अर्थाने आमच्या समजावण्यापेक्षा अधिक शास्त्रीय होती.

उपाय निघाला तो घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंमुळे. त्यांनी वादच घातला नाही. कपात नुसते सलाईन घालून यंत्र सुरू केले आणि म्हणाल्या, "तात्या, कपाला हात लावून बघा." तात्यांनी बोट टेकवले. कप गार होता. द्रवाचे तुषार होताना थोडे पाणी उडून जाते आणि उरलेले थंड होते. तापवलेले काहीच त्यात नसते. "गार हाय की," तात्या म्हणाले. आयुष्यभर गरम भांडी हाताळलेल्या माणसाला एवढा पुरावा पुरला. मग ताईंनी पाण्याची बाटली आणली, तिच्यात दहा सेंटिमीटर खोल नळी सोडली आणि फुंकायला लावले. बुडबुडे निघाले. या दाबाचे माप सेंटिमीटर पाण्यातच मोजतात. उपकरणातला दाब साधारण दहा ते वीस सेंटिमीटरांचा. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी उचलून आमच्या माळापर्यंत आणण्याची वाट पाहण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना पाण्याच्या उंचीने दाब मोजणे समजावून सांगावे लागत नाही.

नळी तोंडात धरताच तात्या सावरून बसले. पोरवयात सोनाराच्या हाताखाली त्यांनी फुंकणी चालवली होती. दिव्याची ज्योत वाकवून बारीक कणी वितळवायची ती. त्यांनी सवयीने गाल फुगवले. ताई म्हणाल्या, "गाल नाही फुगवायचे, गालात हवा साठली तर आतपर्यंत दाब जात नाही." यावर तात्यांनी त्यांना गाल का फुगवतात ते समजावून सांगितले: गालातली हवा सोडत राहायची आणि तेवढ्यात नाकाने श्वास घ्यायचा, म्हणजे ज्योत तुटत नाही. दोन कसबी माणसांचा तो संवाद ऐकताना आमच्या लक्षात आले की तात्यांशी गेल्या दोन महिन्यांत कोणी असे बोलले नव्हते. सगळे त्यांना रुग्ण म्हणून सांगत होते.

त्या दिवसापासून घरात त्या उपकरणाचे नाव 'फुंकणी' पडले. ताठ बसायचे, कोपर टेबलावर टेकायचे, नेहमीपेक्षा थोडा खोल श्वास, दोन-तीन सेकंद थांबायचे, मग सावकाश सोडायचे, घेण्याला लागला त्याच्या तिप्पट वेळ लावून. असे दहा-पंधरा श्वास झाले की तोंड उघडे ठेवून 'हा' करून हवा बाहेर टाकायची. हे शिकवताना ताई म्हणाल्या, "आरसा पुसायच्या आधी आपण त्याच्यावर तोंडानं वाफ सोडतो ना, तसं." तोवर जो शब्द घरात सगळे टाळत होते तो असा अचानक आला. तात्यांनी कपाळाला आठी घातली नाही. ही वाफ त्यांची स्वतःची होती.

फुंकणीने आजार बरा झालेला नाही. तो बरा होणारा नव्हेच. दसऱ्याला विट्यात पालख्यांची शर्यत होते; तात्या ती घराच्या पायरीवर बसून ऐकतात, कारण गर्दीपर्यंत चालत जाणे त्यांना झेपत नाही. पण सकाळी कफ सुटतो, जेवण जाते, रात्री दोन उशांवर का होईना, आडवे होता येते. वीज गेली की कॉम्प्रेसर थांबतो. थरथरणारी झडप मात्र फक्त त्यांच्या श्वासावर चालते, म्हणून ती तेवढी सुटी करून ते अंधारात फुंकत बसतात.

भाषा शिकवणाऱ्यांसाठी यात काही असेल, तर ते एवढेच. आपण शब्दाच्या अनेकार्थतेला त्याची श्रीमंती मानतो आणि वर्गात तिचे रसग्रहण करतो. दवाखान्यात तीच अनेकार्थता एखाद्याला औषधापासून दूर ठेवू शकते. आजही दक्षिणेकडून परतणारे गलाईवाले तात्यांना भेटायला येतात, त्यांच्यापैकी कोणी बोलताना मध्येच थांबून दम खातो. तात्या त्याला तोंडाशी धरायची नळी दाखवतात आणि सांगतात, "ही वाफ न्हवं. फुंकणी हाय. गाल तेवढं फुगवू नगंस."