बंद बारचा हिशेब

स्टेट कॉलेज हे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं, पेन स्टेट विद्यापीठाचं गाव. आम्ही बीव्हर ॲव्हेन्यूजवळ राहायचो. २००७ साली सेंट पॅट्रिक्स डे नेमका विद्यापीठाच्या सुट्टीत आला, म्हणून विद्यार्थ्यांनी आपला वेगळा ‘स्टेट पॅटीज डे’ सुरू केला. हिरवे टीशर्ट घालून सकाळपासून पिणं चालायचं. दुपारपर्यंत फुटपाथवर बाटल्यांच्या काचा, जिन्यात ओकाऱ्या, कोपऱ्यावर हाणामाऱ्या. त्या दिवशी मी लेकीला घेऊन खाली उतरत नसे.

२०१३ साली विद्यापीठ आणि गावाच्या संयुक्त समितीनं तोडगा काढला: त्या दिवशी दारू विकू नका, प्रत्येक बारला पाच हजार डॉलर देऊ. डाउनटाउनमधले जवळजवळ सगळे बार तयार झाले. त्या वर्षी गुन्हे घटले. आम्ही मायलेकी कॉलेज ॲव्हेन्यूवर निवांत हिंडून आलो.

तळमजल्यावरची शेजारीण बारमध्ये वेट्रेस होती. पेनसिल्व्हेनियात टिप मिळणाऱ्यांना मालकानं तासाला किमान २.८३ डॉलर दिले की भागतं. घर चालतं ते टिपवर. ती म्हणाली, “पैसे मालकाला मिळाले. माझा शनिवार बुडाला.”

मला पनवेलकडचे डान्स बार आठवले. नवऱ्यानं तिथे पगार उधळला म्हणून रडणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या. त्यांचं दुःख खरंच होतं. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी आणलेली बंदी ऑगस्ट २००५मध्ये लागू झाली. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट होती. बारमध्ये नाचणाऱ्या हजारो बायकांची रोजीरोटी गेली आणि भरपाई म्हणून एक पैसाही मिळाला नाही. वर्षा काळे यांच्या संघटनेनं त्यांच्यासाठी रस्त्यावर आणि कोर्टात लढा दिला. २००६मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली. पण अपिलामुळे ती चालूच राहिली; सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला तो १६ जुलै २०१३ रोजी. मधल्या काळात कित्येकींवर देहविक्रय करायची पाळी आली होती.

दारू आणि पैसा रात्रभर वाहतो तिथे डोकी फुटतात, वस्तीला त्रास होतो. त्यावर उपाय हवाच. लेकीला घेऊन निर्धास्त चालता येणं मलाही मोलाचं वाटतं. पण त्या शांततेची किंमत सगळ्यात कमी कमावणाऱ्या बाईनं एकटीनं का मोजावी? बार बंद करण्याच्या ठरावातच तिच्या पुढच्या महिन्याच्या भाड्याची तरतूद असली पाहिजे.