खाऱ्या वाऱ्यातली फियाट

बोईसरला उतरून पश्चिमेची वाट धरली, की आधी कारखान्यांचा धूर लागतो, मग वाड्या, आणि चिंचणी-तारापूर जवळ आले की खारा वारा. १९६९ साली येथे अणुवीजकेंद्र सुरू झाले. तेथूनच निवृत्त झालेले आमचे एक स्नेही फंडाच्या पैशांतून १९७० सालची फियाट घेऊ पाहत आहेत. "व्याज घटते, शेअरबाजाराचा भरवसा नाही; जुनी गाडी मात्र दुर्मिळच होत जाणार!"

कल्पना अगदीच नवी नव्हे. परवान्यांच्या काळात कुर्ल्याला बनणाऱ्या या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, आणि मिळालेली गाडी विकली तर वर 'ऑन' मिळे. पण तो भाव टंचाईचा होता. आजचा भाव आठवणींचा. आणि त्या आठवणी असणारी पिढीच आता थकत चालली आहे!

चिंचणीच्या एका वाडीत ती गाडी पाहिली. स्टिअरिंगलगतचा गिअर पाहून स्नेही हरखले. मी दाराच्या खालच्या कडेला बोट लावले, तो गंजाचा पापुद्राच हाती आला. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि रोजच्या वापराला मनाई. म्हणजे व्याज नाही, भाडे नाही, बाजारहाटही नाही.

"पण अडीनडीला हे ती विकतील का हो, भाऊजी?" वहिनींनी हळूच विचारले.

स्नेही तोवर रुमालाने तिची काच पुसू लागले होते.