मास्क कापताना घनसावंगी आठवावी

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा त्यात पाच तालुके होते. आज आठ आहेत. मंठा, बदनापूर आणि घनसावंगी नंतरचे. नेटवर्क आखणाऱ्याने ही माहिती भूगोलाच्या पुस्तकातच ठेवून देऊ नये. सबनेट पाडताना आपण सहसा आजची यंत्रे मोजतो आणि त्यांना जेमतेम पुरेल असा मास्क लावतो. माझ्या मते मास्क बेतायचा तो उद्या फाटा कुठे फुटेल हे बघून.

समजा, त्या पाच तालुक्यांच्या जिल्ह्याला १०.२०.०.० ते १०.२०.२५५.२५५ हा पट्टा दिला. काटकसरी माणूस तीन बिट घेऊन आठ तुकडे पाडेल. तीन नवे तालुके त्यात नेमके मावतील, पण नववा निघाला की सगळी मांडणी मोडायची. मी चार बिट घेईन : मास्क २५५.२५५.२४०.०, तुकडे सोळा, प्रत्येकात ४,०९६ पत्ते; आणि वाटताना एकाआड एक देईन. अंबडला १०.२०.३२.० दिला, तर ४८ पासूनचा शेजार मोकळा. मग १०.२०.३७.९ हे यंत्र कुठले? ३७ म्हणजे बायनरीत ००१००१०१, मास्कमधला २४० म्हणजे ११११००००. दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवला की उरते ००१०००००, म्हणजे ३२, यंत्र अंबडचे. पुढे अंबडमधून घनसावंगी निघाली की तिला ४८ चा तुकडा. तिची जोडणी अंबडवरूनच येत असेल, तर जिल्ह्याच्या राउटरवर १०.२०.३२.० आणि २५५.२५५.२२४.० अशी एकच ओळ दोघांनाही पुरते. ती पहिल्या दिवसापासून तशीच लिहून ठेवावी. घनसावंगीतल्या यंत्रांचे पत्ते बदलावे लागतील, ते चुकत नाही. पण भोकरदन-परतूरला या फाळणीचा पत्ताही लागणार नाही.

‘तहसीलला चार हजार पत्ते? ही उधळपट्टी झाली,’ असा आक्षेप येतो. सार्वजनिक पत्त्यांच्या बाबतीत तो खरा आहे. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटले गेले. पण १० ने सुरू होणारे १,६७,७७,२१६ पत्ते खासगी वापरासाठी राखीव आहेत, फुकट आहेत, आणि तेच पत्ते दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारखान्यानेही खुशाल वापरावेत. तिथली कंजुषी म्हणजे टंचाईच्या काळातली सवय, दुसरे काही नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार : एवढी यंत्रे एकाच आवारात आली, तर ‘हा पत्ता कोणाचा?’ ही प्रत्येक हाक सगळ्यांना ऐकावी लागेल. लागेलच, म्हणून तालुक्याचा तुकडा सलग वापरायचा नसतो. त्यात २५४ यंत्रांचे छोटे सबनेट पाडायचे : तहसील, पंचायत समिती, रुग्णालय, कॅमेरे. जालन्याच्या एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यालाही हेच लागू. भट्टीचा कंट्रोलर आणि हिशेबाचा संगणक यांचे सबनेट वेगळे हवेत. मात्र मधल्या राउटरवर कोणी कोणाकडे जायचे याचे नियम नसतील, तर नुसता मास्क संरक्षण देत नाही. हे विसरणारेच जास्त.

आयपीव्ही६ आल्यावर हा खटाटोप संपेल, असेही म्हणतात. मोजदाद संपेल खरी : पहिले ४८ बिट ठरलेला एक पट्टा मिळाला, तर पहिले ६४ बिट ठरलेले ६५,५३६ सबनेट पडतात. पण अंबडशेजारचा कोणता तुकडा मोकळा ठेवायचा, हे तिथेही माणसालाच ठरवावे लागते.