शिडी आणून देणारे कोणी हवे

मैत्रिणींनो, आमच्या मळ्याच्या बांधावर जांभळाचे एक मोठे झाड होते. मृगाच्या सुमारास घरची सगळी पोरे त्यावर चढून बसत आणि मी खाली परकराचा ओचा पसरून उभी असे. वरून जांभळे पडत. मला ती कधी कमी पडली नाहीत. पण त्या झाडावरून आपला मळा कसा दिसतो, हे मी कधी पाहिले नाही. दोन वर्षांची असताना तापाचे निमित्त झाले आणि माझा डावा पाय लुळा पडला. पोलिओ हे नाव घरात पुढे कळले. आई म्हणायची, "तू नको गं, पडशील." तिची माया खोटी नव्हती. पण "तू नको" हे इतक्यांदा ऐकले, की पुढे पुढे कोणी बोलावले तरी मीच म्हणू लागले, "मी नको."

हे आठवायला निमित्त झाले एका पुस्तकाचे. सुनेने नातीसाठी 'तोत्तोचान' आणले. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या लहानपणावर लिहिलेले हे पुस्तक तिकडे १९८१ साली निघाले. मराठीत ते चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी आणले आणि नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केले. त्याला चिहिरो इवासाकी यांची चित्रे आहेत. थोडक्या रेघांत काढलेली ती मुले पाहिली, की आपल्याच अंगणात खेळत आहेतसे वाटते.

तोत्तोचान ही फार चुळबुळी म्हणून पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली मुलगी. आई तिला दुसऱ्या शाळेत नेते. तिथले वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरतात. कोबायाशी नावाचे मुख्याध्यापक त्या एवढ्याशा पोरीला समोर बसवून चार तास तिचे बोलणे ऐकतात. मध्ये तोडत नाहीत, कंटाळत नाहीत.

त्या शाळेत यासुआकीचान हा पोलिओ झालेला मुलगा आहे. त्याने कधी झाड पाहिले ते खालूनच. तोत्तोचान त्याला गुपचूप आपल्या झाडावर बोलावते. शिडी आणते, ती जमत नाही. मग घडवंची आणते. खालून ढकलते, वरून ओढते, घामाघूम होते. शेवटी दोघेही झाडावर! हे वाचताना माझा आवाज बसला. नातीने विचारले, "आज्जी, तू कधी चढली होतीस का गं?" मी म्हटले, "नाही बाळा. मला शिडी कोणी आणली नाही, आणि मीही मागितली नाही."

आपल्या कामाच्या दोन गोष्टी त्यात आहेत. कोबायाशी एका शेतकऱ्याला शाळेत आणतात आणि आजपासून हे तुमचे शेतीचे मास्तर, असे मुलांना सांगतात. दुसरी गोष्ट खेळांच्या दिवसाची. उंची खुंटलेल्या एका मुलाला जिंकता येईल असे खेळ ते मुद्दाम योजतात. बक्षीस काय, तर मुळा आणि भाजीची जुडी! मुलाने आपल्या कमाईची भाजी घरी न्यावी, हा त्यातला मान.

२०१४ साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. माझ्यासारखे पाय आता गावात नव्याने दिसत नाहीत, ही मोठी गोष्ट. पण अडलेली मुले संपली का? नातीच्या वर्गात एक मुलगा अडखळत बोलतो. मोठ्याने वाचायची त्याची पाळी नेहमी राहून जाते. "वेळ लागतो ना," नात म्हणाली. मी म्हटले, "मग त्याला आपल्याकडे बोलाव. आपल्याला कुठे गाडी गाठायची आहे?"

तो आला. पहिल्या दिवशी नुसती चित्रे पाहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्याने अर्धे पान वाचले. एका शब्दापाशी फार अडला. तो शब्द माझ्या ओठावर आला होता, पण मी गिळला. नात चुळबुळली, तिला डोळ्यांनी गप्प केले. शब्द त्याचा त्यानेच काढला आणि पान उलटले. आता तो रोज संध्याकाळी येतो. त्याचे अडखळणे गेलेले नाही. "मी नको" म्हणणे मात्र गेले आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, लेकरांना खाऊ आणता तसे वर्षातून एखादे असे चित्रांचे पुस्तकही आणा. शाळेच्या कपाटात आहे का, ते गुरुजींना विचारा. दिवेलागणीनंतर एकेक प्रकरण मोठ्याने वाचा आणि वाचून झाल्यावर "यावरून काय शिकलास?" असे विचारू नका. आणि तुमच्या आळीत एखादे लेकरू झाडाखाली उभे असेल, तर त्याच्यासाठी जांभळे जरूर टाका, पण आधी शिडी कुठे आहे ते बघा.