लुटीतून आलेली ‘लूटी’

बीजिंगच्या वायव्येला युआनमिंगयुआनच्या उद्यानात फिरताना कोरीव खांबांचे आणि कमानींचे दगड ठिकठिकाणी पडलेले दिसतात. चिनी बादशहांचा हा उन्हाळी राजवाडा. १८६० च्या ऑक्टोबरात फ्रेंच व ब्रिटिश सैनिकांनी तो लुटला आणि लॉर्ड एल्गिनच्या हुकमावरून ब्रिटिशांनी जाळला. (हाच एल्गिन पुढे आपला व्हाइसरॉय झाला. १८६३ मध्ये तो धरमशाळेत वारला. कबर तिथेच, चर्चच्या आवारात देवदारांखाली आहे.)

रेशीम, जडजवाहिरांबरोबर सैनिकांना तिथे पाच चिमुकली कुत्री सापडली. चपटे नाक, टपोरे डोळे आणि मानेभोवती झुपकेदार आयाळ! ही पेकिनीज जात बौद्ध शिल्पांतल्या सिंहासारखी दिसते म्हणून दरबारात तिचे कोण कौतुक! अगदी लहानग्यांना तर अंगरख्याच्या रुंद बाहीत घालून फिरवीत.

त्यातली एक कुत्री कॅप्टन डन यांनी राणी व्हिक्टोरियाला नजर केली. तिचे नाव पडले ‘लूटी’. शब्द आपल्याच ओळखीचा, हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेला. चोरीचा माल असा नावानिशी मिरवायला धारिष्ट्यच हवे!

उरलेल्यांपैकी दोन गुडवुडच्या सरदारघराण्यात गेली आणि तिथे या जातीची पैदास सुरू झाली. लूटीचे चित्र राणीने १८६१ मध्ये फ्रीड्रिश काइल या चित्रकाराकडून काढवून घेतले. लूटी १८७२ मध्ये गेली. चित्र अजून इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे.