एक क्लब जास्त

तीन वर्षांपूर्वी, वयाच्या साठाव्या वर्षी, माझी अँजिओप्लास्टी झाली. रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. रोज चाला, वजन उतरवा आणि जोर लावण्याची कामे टाळा. पहिल्या दोन मी निष्ठेने पाळल्या. तिसरीचा अर्थ मला वर्षभराने, येरवड्याच्या गोल्फ मैदानावर कळला.

गोल्फ हा आळशी श्रीमंतांचा खेळ, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती पुरती खोटी नसली, तरी अठरा होल पायी खेळून पाहा. सात-आठ किलोमीटरांची चाल सहज होते. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी सुमारे तीन लाख गोल्फपटूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांचा मृत्युदर त्याच वयाच्या आणि आर्थिक स्तराच्या इतरांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. मुळात ज्याची प्रकृती बरी तोच खेळायला जातो, हेही त्यात आलेच. तरीही माझ्यासारख्याला तेवढा दिलासा पुरेसा होता.

माझा खेळ मात्र सुधारत नव्हता. शंभराच्या आत स्कोअर आला तर तो दिवस सणाचा. मी दोष ड्रायव्हरला देत असे, कधी पटिंगला. खरा घोटाळा मधल्या फटक्यात होता. पहिल्या फटक्यानंतर चेंडू फेअरवेवर पडतो आणि तेथून तो ग्रीनवर पोहोचवायचा असतो. त्या फटक्याला ॲप्रोच म्हणतात. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या असंख्य फटक्यांची नोंद तपासून २०१४ मध्ये एक पुस्तक लिहिले. अव्वल खेळाडू इतरांच्या पुढे जातात त्यात सर्वांत मोठा, साधारण ४० टक्के, वाटा ॲप्रोचचा असतो, असे त्यांना आढळले. पटिंगचा वाटा त्याच्या निम्म्याहूनही कमी.

पस्तिशीत माझा सात नंबरचा क्लब दीडशे यार्ड जात असे. तो आकडा डोक्यात कोरलेला राहिला; शरीर मात्र केव्हाच पुढे निघून गेले होते. ग्रीन दीडशे यार्डांवर असले की माझे वयोवृद्ध कॅडी पिशवीकडे वळत आणि हळूच म्हणत, "साहेब, पाच नंबर घ्या."

"सात पुरतो," मी म्हणे.

ते काही न बोलता सात नंबर हातात देत. चेंडू ग्रीनच्या पुढच्या बंकरमध्ये पडे. मग वाळूतून दोन फटके, वर तीन पट, आणि कार्डावर सात. पुढच्या होलवर मी त्याच क्लबने आणखी जोर लावी. पाच नंबर मागणे म्हणजे म्हातारपणाच्या अर्जावर सही करणे, असे मला मनातून वाटत असावे. वाचकहो, हे आज लिहिता येते. तेव्हा कबूल करता आले नसते.

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी असाच जोर लावला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मी गवतावर बसलो. सोबत माझी मुलगी खेळत होती. तिचा पांढराफटक चेहरा मला अजून दिसतो. कॅडींनी पाणी पाजले, छत्री धरली. दुपारी ईसीजी काढला, तो सुदैवाने ठीक निघाला. हृदयरोगतज्ज्ञांनी विचारले, "फटका मारताना नेमके काय करता? दाखवा." त्यांच्या खोलीत मी छत्रीचा क्लब करून उभा राहिलो. त्यांनी दोनदा करायला लावले आणि म्हणाले, "तुम्ही श्वास धरून ठेवता." श्वास रोखून जोर लावला की रक्तदाबात क्षणात चढउतार होतात, माझ्यासारख्या रुग्णाने ते टाळलेलेच बरे. आपल्यालाही असा काही त्रास असेल, तर खेळापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

महिन्याभराने परतलो तो एक वही घेऊन. सरावाच्या मैदानावर प्रत्येक क्लबने दहा-दहा चेंडू मारले. प्रत्येकातले दोन सर्वांत लांब आणि दोन सर्वांत आखूड सोडून उरलेल्या सहांची सरासरी काढली. मोजायचे ते चेंडू जमिनीला पहिल्यांदा टेकेपर्यंतचे अंतर. घरंगळणे त्यात धरायचे नाही, कारण पावसाळ्यात ओल्या जमिनीवर चेंडू जागीच बसतो. सात नंबरचा आकडा आला १२२. दीडशेपैकी अठ्ठावीस यार्ड मी इतकी वर्षे हवेत मारत होतो! वहीत तो आकडा लिहिताना हात थोडा अडखळला, हे खरे.

दुसरी गोष्ट लक्ष्याची. झेंडा पाहिला की नजर तेथेच खिळते. पण भोक सव्वाचार इंचांचे आणि ते अनेकदा ग्रीनच्या कडेला, बंकरमागे असते. मी आता झेंड्याकडे पाहतच नाही, ग्रीनच्या मध्यावर नेम धरतो. फटका थोडा चुकला तरी चेंडू गवतावर राहतो. समोरून वारा असेल वा चढ असेल, तर आणखी एक क्लब वाढवतो. बहुतेक मैदानांवर संकटे ग्रीनच्या पुढ्यात मांडलेली असतात, त्यामुळे लांब पडलेला चेंडू आखूड पडलेल्यापेक्षा बहुधा स्वस्तात सुटतो. (मागे तळे असेल तर अर्थातच हा हिशेब उलटा.)

आणि फटका स्वतः? मोठा क्लब, सावकाश झोका. क्लब खाली येताना श्वास सोडायचा. वजन डाव्या पायावर यायला हवे, म्हणजे क्लब आधी चेंडूला आणि मग जमिनीला लागतो. गवताचा तुकडा चेंडूच्या पुढून निघाला पाहिजे, मागून नव्हे. खेळापूर्वी दहा मिनिटे मी कंबर आणि खांदे मोकळे करतो. हौशी गोल्फपटूंच्या दुखण्यांत कंबरेचा क्रमांक पहिला लागतो. माझीही दुखत होती, ती झोका मऊ झाल्यावर बरीच निवळली. स्कोअर सहा महिन्यांत १०४ वरून ९५ वर आला. ड्रायव्हर आजही तसाच वाकडा जातो.

गेल्या रविवारी मुलीने आणि मी एकाच ठिकाणाहून ॲप्रोच मारला. ग्रीन १४० यार्डांवर. तिने आठ नंबर घेतला. मी मागे हात केला, तर कॅडींनी आधीच पाच नंबर काढून पुसून ठेवला होता. दोघांचे चेंडू ग्रीनवर पडले. चालता चालता तिने माझी वही चाळली आणि म्हणाली, "बाबा, सात नंबरपुढे आता ११९ लिहिलंय."

"हो," मी म्हटले, "मागच्या महिन्यात पुन्हा मोजला."

तिने वही माझ्या खिशात परत ठेवली आणि पटर काढायला पिशवीकडे गेली.